जुनं स्टेशन जपायचं म्हणजे नेमकं काय जपायचं?

मराठवाड्यात ज्या गावाला रेल्वे स्टेशन आहे, त्या गावात सध्या एक वाद हमखास कानावर येतो. अमृत भारत योजनेत ६ ऑगस्ट २०२३ या एकाच दिवशी देशभरातल्या ५०८ स्टेशनांच्या कामांची पायाभरणी झाली. नंतर यादी वाढत गेली, गावोगावी नव्या इमारतींची मोठी रंगीत चित्रं लागली, आणि जुन्या दगडी इमारतीचं काय करायचं यावरून दोन तट पडले. एक तट म्हणतो, पाडा. निजामाच्या नाहीतर इंग्रजाच्या काळातली ती वास्तू किती दिवस कवटाळून बसणार? दुसरा म्हणतो, हा वारसा आहे, वीटही हलवू नका, कुंपण घाला, संग्रहालय करा. दोन्हीकडची माणसं तळमळीने बोलतात याबद्दल मला शंका नाही. पण दोघांचंही लक्ष भिंतींवर खिळलेलं आहे, आणि त्यामुळे गावाला खरोखर जे मागायला हवं ते कुणीच मागत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगते. जुनी इमारत पाडू नये आणि तिला कुलूपही लावू नये. तिथे तिकीट मिळावं, बायकांना बसायला खोली असावी, नळाला पाणी असावं, आणि तिच्यासमोर गाडी थांबावी. गाडीच थांबणार नसेल तर समोरची इमारत नवी आहे की शंभर वर्षांची, याने गावाला काय फरक पडतो?

‘निजामाचं आहे, पाडा’ हा मुद्दा पहिल्यांदा घेते, कारण तो सर्वांत जोरात मांडला जातो आणि सर्वांत कमी तपासला जातो. हैदराबाद संस्थानातली रेल्वे कुणाच्या पैशावर उभी राहिली? १८८३ साली संस्थानात चांदा (आजचं चंद्रपूर) रेल्वेच्या योजनेवरून मोठं वादळ उठलं होतं. रेल्वे इंग्लंडमधल्या एका कंपनीकडे द्यायची आणि तिच्या भांडवलावरच्या व्याजाची हमी संस्थानच्या तिजोरीने घ्यायची, असा तो व्यवहार. शिकलेल्या लोकांनी एकत्र येऊन सवाल केला: कराराच्या अटी काय आहेत, त्या रयतेला का सांगत नाही? या चळवळीत पुढे असलेल्या अघोरनाथ चट्टोपाध्यायांना, म्हणजे सरोजिनी नायडूंच्या वडिलांना, संस्थानातून हद्दपार करण्यात आलं. हैदराबादेतल्या राजकीय जागृतीची सुरुवात अनेक अभ्यासक याच प्रकरणापासून धरतात. पुढे जी कंपनी झाली तिच्या नावातच ‘गॅरंटीड’ हा शब्द होता. धंदा चालो न चालो, भागधारकाला ठरलेलं व्याज मिळणार, आणि ते रयतेच्या साऱ्यातून. १९३० साली संस्थानने ती रेल्वे विकत घेतली, तेही त्याच तिजोरीतून. १९०० च्या सुमारास मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड करत सिकंदराबादला गेलेला मीटरगेजचा मार्ग असा उभा राहिला आहे. आता सांगा, सेलूच्या किंवा परतूरच्या स्टेशनाचा दगड निजामाचा कसा? ज्वारी-कपाशी पिकवून सारा भरणाऱ्या आपल्याच पणजोबांनी त्याची किंमत मोजली आहे, काहींनी तर डोक्यावरून वाहिलाही असेल. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त झालं तेव्हा रझाकारांचे घाव सोसलेल्या लोकांनीही ही रेल्वे परक्याची म्हणून टाकून दिली नाही. १९५१ साली ती मध्य रेल्वेत आणि १९६६ साली दक्षिण मध्य रेल्वेत गेली. ज्यांनी निजामाशी प्रत्यक्ष झुंज दिली त्यांना जे आपलं वाटलं, ते आपल्याला आज परकं का वाटावं?

चांदा प्रकरणाची आठवण मी मुद्दाम काढली. तेव्हाचे लोक विचारत होते, पैसा कुणाचा, हमी कुणाची, फायदा कुणाचा. एकशे चाळीस वर्षांनी आपण विचारतो आहोत की कमानीला रंग कोणता द्यायचा.

माझं आजोळ बार्शी लाईटच्या वाटेवरचं, मुरूडजवळचं. त्यामुळे या विषयात मला भावना नाहीत असं मी म्हणणार नाही. माझी आजी त्या गाडीला ‘छोटी गाडी’ म्हणायची आणि पंढरपूरचा विषय निघाला की विठोबाच्या आधी तिला कुर्डुवाडीची आठवण यायची. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने ही अडीच फुटी रेल्वे आखली. त्याचा हिशेब साधा होता: इंजिन असो की मालडबा, कुठल्याच आसावर पाच टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही. भार सारखा वाटला की हलके रूळ पुरतात, हलके रूळ पुरले की खर्च उतरतो, आणि खर्च उतरला की मोठ्या रेल्वेला न परवडणाऱ्या मुलखातही गाडी जाते. १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी गाडी धावली. १९०६ साली फाटा पंढरपूरला पोचला, १९०७ साली मुख्य मार्ग तडवळ्यापर्यंत आला, १९११ साली लातूरला, आणि १९२७ साली दुसरं टोक मिरजेला भिडलं. कंपनी लंडनची होती, १९५४ च्या जानेवारीत सरकारने ती घेतली. पण तिने लातूरचं काय केलं ते बघा. १९११ ला रेल्वे आली, १९१७ ला गंजगोलाई उभी राहिली: मधे देवीचं मंदिर, भोवती गोल बाजार, आणि चहूबाजूंनी येऊन मिळणारे सोळा रस्ते. गोलाई एकट्या रेल्वेने झाली असं कुणी म्हणणार नाही, पण तूर, करडई, कापूस बाहेर न्यायला गाडीच नसती तर सोळा रस्त्यांनी येणाऱ्या बैलगाड्यांनी माल टाकला कुठे असता?

आणि ही गाडी सरहद्द ओलांडत होती. बार्शी इंग्रजी मुलखात, लातूर निजामाच्या. एका दुनियेतला माणूस छोट्या गाडीत बसून दुसऱ्या दुनियेत उतरायचा. फेब्रुवारी १९४१ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर महार-मांग वतनदार परिषदेसाठी ज्या कसबे तडवळ्याला आले, ते याच रेल्वेच्या वाटेवरचं गाव. १९४७-४८ मध्ये संस्थानच्या सरहद्दीवरच्या कॅम्पांमधून मुक्तिसंग्रामाचे कार्यकर्ते काम करत होते, तेव्हा बार्शीचा पट्टा त्यांच्या मागचा आधार होता. अशा वाटेवरचं एखादं बसकं स्टेशन बघताना मला त्यात इंग्रज दिसत नाही. गाठोडं घेऊन फलाटावर बसलेली आमची माणसं दिसतात.

इथे समोरच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा येतो, आणि तो मी आडवळण न घेता मान्य करते. आपण भावनेच्या भरात बार्शी लाईट तशीच ठेवली असती तर २०१६ साली लातूर तहानलं असतं. त्या वर्षी ११ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली गाडी निघाली आणि दुसऱ्या दिवशी लातूरला पोचली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी. मग पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली, एका खेपेला २५ लाख लिटर. ती गाडी कुठून आली? मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, उस्मानाबाद, लातूर, म्हणजे कॅल्थ्रॉपच्याच वाटेने. पण तोवर तिथे ब्रॉडगेज झालं होतं. अडीच फुटी रुळांवर पाण्याने भरलेल्या पन्नास वाघिणी चढवणं स्वप्नातही शक्य नव्हतं. धाराशिव शहराचंही तेच. छोट्या गाडीने ते बाजूला टाकलं होतं, येडशी गाठल्याशिवाय तिथल्या माणसाला गाडी नव्हती. रुंदीकरणात मार्ग वळवला तेव्हा जिल्ह्याच्या गावाला रेल्वे मिळाली. मनमाड मार्गाचं रुंदीकरण व्हावं म्हणून गोविंदभाई श्रॉफांनी आणि मराठवाडा जनता विकास परिषदेने वर्षानुवर्षं लढा दिला. मीटरगेज असताना मनमाडला उतरून गाडी बदलावी लागायची, मालही एका डब्यातून दुसऱ्यात भरावा लागायचा. तो त्रास ज्यांनी भोगला त्यांच्यासमोर ‘जुनं ते सोनं’ म्हणण्याची माझी छाती नाही.

पण या उदाहरणाने सिद्ध काय होतं? रूळ बदलायलाच हवे होते, एवढंच. रूळ हे अवजार आहे; नांगर जसा लाकडाचा गेला आणि लोखंडाचा आला, तसे रूळ बदलतात, आणि दिरंगाई झाली तर माणसं मरतात. स्टेशनच्या इमारतीला तो तर्क लागू पडत नाही. गाडी मीटरगेजची असो की वंदे भारत, तिकीट काढायला खिडकीच लागते आणि उन्हात थांबायला सावलीच लागते. मनमाड मार्गावरच्या कितीतरी दगडी इमारती रुंदीकरणानंतरही वापरात राहिल्या, त्याच खिडकीतून ब्रॉडगेजची तिकिटं विकली गेली. बदल हवा म्हणणाऱ्यांनी रूळ आणि वास्तू यांची गल्लत केली आहे, आणि पाण्याच्या गाडीसारखं काळजाला भिडणारं उदाहरण त्या गल्लतीला जोडलं आहे.

दुसरा आक्षेप मला जास्त बोचतो. मराठवाड्यासारख्या उपाशी ठेवलेल्या प्रदेशाने वारशाची चैन कशी करावी? बीड या जिल्ह्याच्या गावाला पहिली गाडी दिसायला १७ सप्टेंबर २०२५ उजाडावं लागलं. अहिल्यानगर–बीड–परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग मंजूर होऊन तीस वर्षं झाली, आणि परळीपर्यंतचा टप्पा अजून व्हायचाच आहे. ज्या बीडकराने आयुष्यभर रेल्वेसाठी परळी नाहीतर नगर गाठलं, त्याला जुन्या कौलांचं कौतुक ऐकवायला लाज वाटायला हवी. मान्य. पण हा आक्षेप जर खर्चाचा असेल तर तो उलटा फिरतो. जी इमारत उभी आहे, जिचे पैसे कधीच फिटले, जिच्या भिंती हातभर जाड आणि छत उंच आहे, ती पाडून पत्र्याचं आणि काचेचं नवं उभारणं ही काटकसर कशी? मे महिन्यात परभणीत पारा चव्वेचाळीसच्या घरात जातो. त्या उन्हात काळ्या दगडाच्या खोलीत पाय ठेवल्यावर जो थंडावा लागतो तो ज्याने अनुभवला आहे, त्याला दगड का जपायचा हे सांगावं लागत नाही. उपाशी माणसाने तर असलेलं भांडं फोडून नवं आणूच नये.

सोयींचा मुद्दाही खरा आहे. जुने फलाट बुटके, डब्यात चढताना म्हाताऱ्या माणसाला दोघांनी वर ओढावं लागतं, शौचालयाची अवस्था सांगण्यासारखी नसते. माझ्या आईला गुडघ्याच्या दुखण्यामुळे पलीकडच्या फलाटावर जाता येत नाही, म्हणून आम्ही एक गाडी डोळ्यांदेखत सोडली आहे. लिफ्ट हवी, फलाटाची उंची वाढायला हवी, छत हवं. यातलं एकही काम जुनी इमारत पाडल्याशिवाय होत नाही असं मात्र नाही. मुंबईचं भायखळा स्टेशन बघा. १८५३ साली पहिली गाडी धावली तेव्हापासूनचं ते स्टेशन, दगडी इमारत त्यानंतर चार वर्षांनी झाली. तिथे लोकलचा खोळंबा न करता त्या इमारतीची डागडुजी झाली, वरचे थरावर थर चढलेले रंग काढून मूळ रूप आणलं गेलं, आणि २०२२ साली युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागाचा पुरस्कार तिला मिळाला. दर काही मिनिटांनी लोकल सुटणाऱ्या भायखळ्याला जे जमलं ते दिवसाला मोजक्या गाड्या जाणाऱ्या आपल्या गावाला अवघड का असावं?

आता दुसऱ्या तटाकडे वळते, म्हणजे ज्यांच्याशी माझं मन जास्त जुळतं त्यांच्याकडे. संग्रहालय करा, पितळी घंटा, जुना वजनकाटा, सिंगल लाईनचं टोकन (एका रुळावर एका वेळी एकच गाडी जावी म्हणून ड्रायव्हरला द्यायची खूण) काचेत ठेवा, असं ते म्हणतात. मला भीती वाटते ती याच प्रेमाची. छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की आपण सगळ्यांनी सहलीत पाहिली आहे. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून आणून, ते उंचावरून पाडून चक्की फिरवायची, अशी ती योजना. त्याच शहरात त्याच्याही आधी मलिक अंबरने नहर-ए-अंबरी आणली होती. आज चक्की बघायला तिकीट आहे, पण शहरातल्या बऱ्याचशा नहरी बुजल्या, फुटल्या, त्यांच्यावर घरं झाली, आणि ते शहर नळाच्या पाण्याची वाट बघत दिवस मोजतं. आपण वास्तू जपली आणि तिच्यातून वाहणारं पाणी सोडून दिलं. विदर्भातल्या शकुंतलेचंही तेच झालं. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूरच्या त्या छोट्या गाडीवर लोकांचं केवढं प्रेम, तिच्यावर किती लिहिलं गेलं. पण गाडी बंद पडली आणि वाटेवरची स्टेशनं ओसाड झाली. गाडी नसलेल्या स्टेशनावर माणूस कशासाठी जाईल? एकदा फोटो काढायला जाईल, दुसऱ्यांदा नाही.

उलट उदाहरण आमच्या परभणी जिल्ह्यातच आहे. सेलू तालुक्यात वालूरला चक्राकार पायऱ्यांची बारव आहे. ती गाळाने आणि कचऱ्याने भरून गेली होती. गावकऱ्यांनी गाळ उपसला, झाडोरा काढला, आणि बारव पुन्हा पाण्याने भरली. त्यांनी शिल्प म्हणून बारव जपली, हे खरं, पण तिला विहीर म्हणूनही जगवली. जुन्या स्टेशनाकडे मला याच नजरेने बघावंसं वाटतं. जुन्या टोकनाची कडी ठेवा ना, पण ती चालू तिकीटघराच्या भिंतीवर ठेवा, जिथे सकाळची गाडी पकडायला आलेली कॉलेजची पोरगी दोन मिनिटं थांबून वाचेल. बचत गटाच्या बायकांना ‘एक स्थानक, एक उत्पादन’ योजनेतला स्टॉल जुन्या पार्सल खोलीत द्या.

ती पोरगी मात्र स्टेशनावर यायला हवी. खरा प्रश्न तिथे आहे आणि त्यावर कुणी बोलत नाही. करोनात पॅसेंजर गाड्या बंद झाल्या. पुन्हा सुरू झाल्या तेव्हा त्यांना एक्स्प्रेसचं भाडं लागलं, आणि जिथे किमान तिकीट १० रुपये होतं तिथे ३० रुपये झालं. ते खाली यायला २०२४ चा फेब्रुवारी उजाडला. मधल्या काळात रोज जालन्याला कामाला जाणाऱ्या, नांदेडला शिकायला जाणाऱ्या कितीजणांनी रेल्वेची सवय सोडून वडाप धरलं असेल? त्या वर्षांत एका स्टेशनावर मी बसले होते. नवी फरशी, नवे बाक, भिंतीवर सुंदर चित्रं. दीड तासात तीन गाड्या धडधडत निघून गेल्या, एकही थांबली नाही. शेजारी बसलेली म्हातारी बाई मला म्हणाली, “बाई, आमची गाडी कोन्ती?” तिला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

रेल्वेचा हिशेब मला कळतो. प्रत्येक थांब्याने वेळ जातो, डिझेल किंवा वीज जाते, लांबच्या प्रवाशाची गाडी रेंगाळते, आणि छोट्या स्टेशनाच्या तिकीटविक्रीतून तेवढं भरून येत नाही. सिंगल लाईनवर तर पॅसेंजरला जागाच कुठे होती? क्रॉसिंगला टाकली की ती समोरच्या दोन गाड्या जाईपर्यंत तिथेच. परभणी ते संभाजीनगर प्रवासात पेडगावला, कोल्ल्याला, रांजणीला किती तास आपण क्रॉसिंगमध्ये घालवले, याची मोजदाद नाही. म्हणून ‘थांबा द्या’ म्हणणाऱ्याला आजवर ‘लाईन मोकळी नाही’ हे उत्तर मिळत आलं आणि ते खोटंही नव्हतं.

पण ते उत्तर आता फार दिवस पुरणार नाही. परभणी–मुदखेड दुहेरी झालं. विजेच्या तारा आल्या. २०२५ च्या जुलैअखेर केंद्रीय मंत्रिमंडळाने परभणी ते संभाजीनगर या १७७ किलोमीटरच्या दुहेरीकरणाला मंजुरी दिली. दुसरा रूळ पडला की क्रॉसिंग संपेल आणि मार्गावर जागा मोकळी होईल. ती जागा कुणाला मिळणार? सगळी लांब पल्ल्याच्या गाड्यांनी आणि मालगाड्यांनी भरली जाणार, की सकाळ-संध्याकाळ नांदेड ते संभाजीनगर प्रत्येक स्टेशनावर थांबणारी एकेक गाडी त्यात बसणार? वेळापत्रक आखताना या गोष्टी ठरतात, आणि एकदा ठरल्या की हलत नाहीत. मानवत रोडचा शेतकरी, बदनापूरचा विद्यार्थी, करमाडहून शहरात कामाला जाणारी बाई यांच्या वतीने हे कुणीतरी आत्ता लेखी मागायला हवं: सकाळी दहाच्या आत शहरात पोचवणारी एक गाडी, संध्याकाळी सहानंतर परत आणणारी एक, भाडं पॅसेंजरचं, आणि प्रत्येक स्टेशनावर थांबा. कमानीच्या रंगावर सह्या गोळा करणाऱ्या दोन्ही तटांना माझी विनंती आहे की त्याच कागदावर, सगळ्यात वर, ही एक ओळ लिहा. दगडाचं आपण मग बसून ठरवू. तो शंभर वर्षं थांबला आहे, अजून दोन वर्षं थांबेल.